तेरा अतिदाट तारकागुच्छ

आदिती मगदूमला राग आला तो सत्काराचं ताट धरायला सांगितलं म्हणून नव्हे. राग महिनाभर आधीच आला होता आणि हक्काच्या पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून बसला होता. ताटाचं निमित्त झालं, एवढंच.

शनिवारी चार वाजता साडी नेसून ये, असं डॉ. विजयसिंह इंगवल्यांनी तिला सांगितलं. शाल, श्रीफळ आणि फेट्याचं ताट तिने धरायचं होतं. आणि जमलंच तर, म्हणजे जमवायचंच होतं, त्यांच्या भाषणाच्या स्लाइडही करून ठेवायच्या होत्या. हे सगळं त्यांनी दारात उभ्या उभ्या, मोबाइलवर काहीतरी बघत सांगितलं.

इंगवले तिचे गाइड, आणि कॉलेजातल्या पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख. आदिती त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे कायम नोकरीतल्यांना नको असलेले तास घ्यायची, आणि उरलेल्या वेळात त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करायची. सत्कार होता तो तिने चार वर्षं केलेल्या कामाचा. फेटा बसणार होता इंगवल्यांच्या डोक्यावर.

काम काय होतं ते सांगायला हवं, कारण सत्काराला येणाऱ्या दोनशे माणसांपैकी जवळजवळ कुणालाच ते ठाऊक नव्हतं. आकाशात काही सर्पिल दीर्घिका अशा असतात की त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. फिकट, विरळ, पसरट. कॅलेंडरावर छापायला त्या उपयोगाच्या नसतात. पण त्यांच्यातल्या पुष्कळांच्या अगदी मध्यभागी एक तेजस्वी ठिपका असतो. तो एक तारा नसतो. तो लाखो ताऱ्यांचा गुच्छ असतो, आणि एवढे तारे दहा-पंधरा प्रकाशवर्षांच्या जागेत खच्चून भरलेले असतात. आपल्या सूर्याला सगळ्यात जवळचा तारा चार प्रकाशवर्षांवर आहे, यावरून ती दाटी किती ते समजावं. आदितीने अशा एक्केचाळीस दीर्घिका निवडल्या, हबल दुर्बिणीची त्यांची जुनी छायाचित्रं काढली आणि प्रत्येकीच्या मधला गुच्छ मोजला. गुच्छ इतके लहान की छायाचित्रात त्यांची रुंदी चारदोन चौकटींची, म्हणजे पिक्सेलांची. मोजायला चिकाटी लागते, आणि ती आदितीकडे भरपूर होती.

गडहिंग्लजजवळच्या गावात शेती करणाऱ्या तिच्या वडिलांना, तात्यासोंना, हे सगळं तिने एकदा जेवताना सांगितलं होतं. त्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "एवढ्याशा जागेत एवढी दाटी कशापायी?" तेच अजून कुणाला नीट माहीत नाही, असं ती म्हणाली. तात्यासोंना ते उत्तर फार आवडलं. दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेल्यावर त्यांनी अख्ख्या डेअरीला ऐकवलं की आपली पोरगी असं काम करते ज्याचं उत्तर कुणालाच येत नाही.

मग निष्कर्ष निघाला. एक्केचाळीसपैकी अठ्ठावीस गुच्छ नेहमीच्या आकाराचे होते. उरलेले तेरा मात्र निम्म्याहून लहान, आणि लहान म्हणून दहापट दाट. इंगवल्यांचे डोळे चमकले. त्यांनी त्या तेरांना 'अतिदाट गुच्छ' असं नाव दिलं, एका शोधपत्रिकेला लेख पाठवला, आणि तो छापूनही आला. लेखक पहिले डॉ. विजयसिंह इंगवले. लेखक दुसरे विश्वजित शिंत्रे. विश्वजितने आयुष्यात एकही दीर्घिका मोजली नव्हती, पण त्याचे वडील कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष होते. आदितीचं नाव शेवटच्या ओळीत आभारांत होतं. आकडेमोडीत मदत केल्याबद्दल.

आकडेमोडीत मदत. हे शब्द वाचले त्या दिवशी ती तासावर जाऊन न्यूटनचे नियम शिकवून आली, आणि तिने फळ्यावर खडू इतका दाबला की तीन खडू मोडले. पोरांनी पटापट वह्या उघडल्या. मॅडम आज वेगळ्याच आहेत हे त्यांना न सांगता कळलं.

भांडायला गेली नाही असं नाही. गेली होती. इंगवल्यांनी तिला खुर्चीत बसवलं, चहा मागवला आणि समजावलं की नवीन माणसाचं नाव बघून परीक्षक लेख परत पाठवतात, पुढच्या लेखात नक्की बघू, आणि प्रबंध तर तुझ्याच नावाने आहे ना. तो प्रबंध त्यांच्या सहीशिवाय पुढे सरकणार नव्हता आणि तोंडी परीक्षा जूनमध्ये होती. तेही त्यांनी सांगितलं, अगदी हसत. ती चहा पिऊन परत आली. त्या चहाचा तिला आजवर सगळ्यात जास्त राग आहे.

तर त्या स्लाइड. गुरुवारी दुपारी ती राजारामपुरीतल्या आपल्या खोलीवर त्या करायला बसली. इंगवल्यांना एक रंगीत आलेख हवा होता. अठ्ठावीस नेहमीचे गुच्छ निळे, तेरा अतिदाट लाल, लांबून बघणाऱ्यालाही कळेल असा. आदितीने विचार केला, एवीतेवी करतेच आहे तर प्रत्येक दीर्घिकेचं छायाचित्रही शेजारी लावू. तिने तेरा छायाचित्रं उघडली, ओळीने मांडली, आणि तिचा माउसवरचा हात थांबला.

हबलच्या त्या जुन्या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारे चार तुकडे होते. तीन तुकड्यांच्या चौकटी मोठ्या आणि चौथ्याच्या बारीक, निम्म्याहून बारीक. त्यामुळे पूर्ण छायाचित्राचा एक कोपरा जिन्याच्या पायरीसारखा कापलेला दिसतो. अठ्ठावीस दीर्घिकांचे मध्य बारीक तुकड्यात पडलेले होते, कारण ती छायाचित्रं मुद्दाम त्या दीर्घिकांचीच घेतलेली. लाल तेरांचे मध्य एकूण एक मोठ्या चौकटींच्या तुकड्यांत होते. ती छायाचित्रं दुसऱ्याच कशाची तरी होती, दीर्घिका त्यांत योगायोगाने आल्या होत्या.

तिने संगणकावरचा जुना तक्ता उघडला. चौकटींतली रुंदी प्रकाशवर्षांत बदलण्याचं सूत्र तिने पहिल्या वर्षी लिहिलं होतं, बारीक तुकड्यासाठी, अठ्ठावीस ओळींना. दोन वर्षांनी इंगवल्यांना परिषदेसाठी घाईने आणखी दीर्घिका हव्या झाल्या तेव्हा तिने तेरा ओळी खाली वाढवल्या आणि तेच सूत्र माउसने धरून खाली ओढलं. खाली ओढलं, बस्स. चौकट मोठी होती हे सूत्राला कुणी सांगितलंच नाही, म्हणून ते तेरा होते त्याच्या निम्म्याहून लहान निघाले.

तिने सूत्र सुधारलं. तेरा आकडे सरसर बदलले आणि अठ्ठाविसांत जाऊन मिसळले. अतिदाट गुच्छ असे काही नव्हतेच. होते ते साधे, सगळ्यांसारखे गुच्छ.

सुरुवातीला तिला हसू आलं. फेटा बांधा म्हणावं आता. मग हसू मावळलं, कारण चूक इंगवल्यांची नव्हती. विश्वजितची तर नव्हतीच, त्याला चूक करण्याइतकंही त्यातलं येत नव्हतं. चूक तिची होती. चार वर्षं जे काम तिला कुणी आपलं म्हणू दिलं नाही त्या कामातली ही एक गोष्ट मात्र शंभर टक्के तिची होती. तिला स्वतःचा असा संताप आला की तिने लॅपटॉप मिटला आणि खाली जाऊन राजारामपुरीच्या गल्ल्यांतून निरर्थक चालत सुटली. पहिल्या गल्लीपासून बाराव्या गल्लीपर्यंत गेली आणि परत आली. रिक्षावाले हॉर्न देत होते, क्लास सुटलेली पोरं वडापाव खात होती, आणि बाराव्या गल्लीच्या तोंडावर फ्लेक्स लागला होता.

फ्लेक्स वीस फुटी होता. 'विश्वातील सर्वांत दाट तारकागुच्छांचा शोध! कोल्हापूरचा झेंडा अंतराळात!' इंगवले गॉगल लावून आकाशाकडे बघत होते. शेजारी विश्वजित, हाताची घडी घालून. मागे एक दीर्घिका होती, भपकेदार, जांभळी, कुठल्यातरी वॉलपेपरवरून घेतलेली. या माणसाला आपण मोजल्या त्या दीर्घिका दिसतात कशा, हेही माहीत नाही, असं आदितीच्या मनात आलं. आणि का कुणास ठाऊक, लेखावर नाव नसण्यापेक्षा त्या जांभळ्या चित्राचा तिला जास्त राग आला.

शुक्रवारी सकाळी ती इंगवल्यांच्या केबिनमध्ये गेली. बसली नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, दोन्ही आलेख पुढे ठेवले, आणि शोधपत्रिकेला आजच कळवून लेख दुरुस्त करू असं म्हणाली.

इंगवल्यांना समजायला वेळ लागला नाही. ते हुशार होते, हे मान्य करायला हवं. त्यांचा चेहरा उतरला, मग पूर्ववत झाला. लेख छापून झालाय, ते म्हणाले. उद्या आमदार येणार आहेत. अध्यक्षांनी स्वतः निमंत्रणपत्रिका वाटल्यात. असल्या फिकट दीर्घिकांचे आकडे जगात चारपाच माणसं तपासतात, आणि त्यांनी तपासलेच तर पुढचं पुढे बघू.

"सर, पण ते खोटं हाय," आदिती म्हणाली. चिडली की तिची घरची बोली वर यायची.

इंगवल्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुला काय त्रास हाय त्याचा? लेखावर तुझं नाव हाय का? न्हाय. मग चूक तुझी कशी होईल? बुडालो तर आमी बुडणार. तू निवांत ऱ्हा."

ती केबिनच्या बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. इतका सरळ हिशेब तिला कुणी मांडून दाखवला नव्हता. नाव नाही, म्हणून चूक नाही. काम तिचं नाही, म्हणून त्यातलं खोटंही तिचं नाही. जूनपर्यंत तोंड मिटून बसायचं, पदवी घ्यायची, आणि तेरा दीर्घिकांच्या पोटात नसलेले अतिदाट गुच्छ जगाच्या कागदांवर राहू द्यायचे. कुणी तरी एखादी पोरगी, कुठल्या तरी दुसऱ्या गावात, ते आकडे खरे धरून आपली चार वर्षं त्यावर रचणार. या पोरीचा चेहरा तिला दिसेना, पण तिची कणव मात्र आली, आणि मग पुन्हा राग.

तरीही ती काही करणार होती असं नाही. शनिवारी तिने साडी नेसली. ताट धरायचं, चार वाजता सुरू होणारं साडेपाचला संपतं, एवढंच तिने ठरवलं होतं.

कॉलेजच्या हॉलबाहेर तात्यासो उभे होते. पांढरीधोट टोपी, इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. तिने त्यांना बोलावलं नव्हतं. गावातल्या कुणीतरी मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो दाखवला होता आणि तात्यासो सकाळच्या एसटीने निघून आले होते. पोरीचा सत्कार आहे अशी त्यांची समजूत. त्यांनी पिशवीतून हार काढून दाखवला. गडहिंग्लजच्या बाजारातून आणलेला, पानात गुंडाळलेला.

"फ्लेक्स बघिटला," ते म्हणाले. "पुढनं बघिटला, मागनं बघिटला. तुझं नाव कुठं हाय?"

"न्हाय, तात्या."

"आतल्या पत्रिकेत?"

"न्हाय."

तात्यासोंनी तिच्या साडीकडे बघितलं, आणि दाराशी टेबलावर मांडलेल्या ताटाकडे बघितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. "मग तू हितं काय करालीस?"

आतून तिला हाका आल्या. तात्यासो तिसऱ्या रांगेत जाऊन बसले, हाराची पिशवी मांडीवर घेऊन.

सत्कार जसा होतो तसा झाला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, आमदार यायचे होते त्यांच्या जागी त्यांचे बंधू. आदितीने ताट धरलं. इंगवल्यांना फेटा बांधला, विश्वजितला बांधला, नारळ दिले, फोटो निघाले. फोटोग्राफर तिला दोनदा म्हणाला, मॅडम जरा बाजूला. दोन्ही वेळा ती बाजूला झाली. मग इंगवले बोलले. तिचा आलेख मागच्या पडद्यावर उमटला, निळे ठिपके, लाल ठिपके. इंगवल्यांनी लेझरचा लाल प्रकाश त्यावर फिरवला आणि सांगितलं की हे तेरा गुच्छ शोधायला त्यांनी रात्रीचा दिवस केला. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर मागून एक म्हातारे गृहस्थ उठले. निवृत्त शिक्षक असावेत. त्यांनी नम्रपणे विचारलं की इतकी लहान गोष्ट इतक्या दुरून मोजतात तरी कशी. साधा प्रश्न होता, खरं तर त्या दुपारभरात विचारला गेलेला एकमेव प्रश्न. इंगवले म्हणाले की ते फार तांत्रिक आहे, सर्वसामान्यांना समजण्याजोगं नाही.

ते ऐकलं आणि आदितीच्या आत काहीतरी सुटलं. तात्यासोंना जेवताना समजलं होतं. डेअरीवर दूध घालणाऱ्यांना समजलं होतं. तिने ताट खुर्चीवर ठेवलं आणि माइकपाशी गेली. सूत्रसंचालक बाई गोंधळून मागे सरल्या.

"समजण्याजोगं हाय," आदिती म्हणाली. "मी सांगतो. हे मी मोजलंय. आणि ते चुकलंय."

मग तिने सांगितलं. चार तुकड्यांचा कॅमेरा, मोठ्या चौकटी, बारीक चौकटी, खाली ओढलेलं सूत्र. म्हाताऱ्या गृहस्थांकडे बघून सांगितलं, आणि ते मान हलवत गेले. लाल ठिपके असे काही नाहीत, ती म्हणाली. सगळे निळेच आहेत. ही चूक माझी आहे, काल सरांना सांगितलीय, आज तुम्हाला सांगते आहे.

पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष, विश्वजितचे वडील, उठून उभे राहिले होते. ते आदितीकडे बघतच नव्हते. ते इंगवल्यांकडे बघत होते, आणि त्यांनी विचारलं ते एवढंच, की माझ्या पोराचं नाव ह्या भानगडीत कसं आलं.

इंगवल्यांनी फेटा सावरला. क्षणभर त्यांनी दोन्हीकडे बघितलं, अध्यक्षांकडे आणि आदितीकडे, आणि मग माइक हातात घेतला.

"अध्यक्षसाहेब, एक गोष्ट स्पष्ट करतो," ते म्हणाले. "ह्यातलं एकूण एक मोजमाप ह्या मगदूम मॅडमनी केलंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकटीनं. आमचा दोघांचा त्याच्याशी काडीचा संबंध न्हाय."

चार वर्षं. चार वर्षं या वाक्यासाठी ती जिने चढली उतरली होती, चहा प्यायली होती, दुसऱ्यांचे तास घेतले होते. मागितलं तेव्हा मिळालं नाही, भांडली तेव्हा मिळालं नाही. आणि चूक निघाल्याबरोबर पाच सेकंदांत, दोनशे माणसांसमोर, माइकवरून मिळालं. तिला इतका राग आला की डोळ्यांपुढे पडदा धूसर झाला. तो माणूस तिला काहीतरी देत नव्हता. तो अंगावरची घाण झटकत होता, आणि ती झटकताना खरं बोलत होता.

तो खरं बोलतोय एवढंच तिने डोक्यात ठेवलं आणि बाकी सगळं बाजूला केलं.

"हेच लिहून द्या, सर," ती म्हणाली.

अध्यक्षांनाच घाई झाली होती. द्या लिहून, ते म्हणाले, विश्वजितचा संबंध नाही हे आधी लिहा. कुणीतरी कार्यक्रमपत्रिका दिली, तिची मागची बाजू कोरी होती. इंगवल्यांनी टेबलावर वाकून लिहिलं. फेट्याचा शेमला पुढे यायचा, ते तो मागे टाकायचे आणि लिहायचे. पाचसहा ओळी झाल्या. खाली त्यांनी सही केली, विश्वजितने केली, आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने सावकाश वाचला. सदर लेखातील सर्व चाळीस दीर्घिकांची मोजमापे कु. आदिती तात्यासो मगदूम यांनी स्वतंत्रपणे केलेली असून त्यांची संपूर्ण जबाबदारी त्यांची आहे. आमचा त्यात सहभाग नाही.

तिने पेन घेतलं. 'चाळीस' खोडलं आणि वर 'एक्केचाळीस' लिहिलं. मग कागद त्यांच्याकडे परत सरकवला.

"इथं पण सही करा," ती म्हणाली. "आणि तारीख टाका."